काळीज म्हणजे हृदय की यकृत?

माणदेशी:
नमस्कार. आमच्या बचत गटासाठी जनावरांच्या आजारांवर चार पानी माहितीपत्रक लिहितेय. गाय, म्हैस, शेळी यांच्या छातीतले अवयव आणि त्यांची दुखणी, एवढाच विषय. पहिल्याच पानावर अडले. "गिळलेली तार काळजापर्यंत जाते" असं लिहून गटात वाचून दाखवलं, तर निम्म्या बायकांनी गोठ्यातल्या गाईच्या उजव्या कुशीकडं बोट दाखवलं. काळीज म्हणजे नेमकं काय धरायचं? आणि फुप्फुस लिहू की फुफ्फुस?

सुरीधार:
ताई, तुमच्या बायका चुकल्या नाहीत. आमचा तीन पिढ्यांचा मटणाचा धंदा आहे. गिऱ्हाईक "पाव किलो काळीज द्या" म्हणालं की आम्ही कलेजीच कापतो, म्हणजे पुस्तकातलं यकृत. हृदयाला दुकानात 'दिल' म्हणतात, मूत्रपिंडाला 'गुर्दा', प्लीहेला 'पांथरी' आणि फुप्फुसाला 'फोपसं'. काळीज मागणाऱ्याला दिल दिलं तर तो पिशवी परत आणून देईल.

ओसरी:
शब्दाचं मूळ पाहिलं तर दुकानातलाच अर्थ जुना ठरतो. संस्कृतात 'कालेय' आणि 'कालखंड' हे यकृताचे शब्द. अमरकोशात कालखंड आणि यकृत शेजारी-शेजारी, एकाच अर्थाने दिले आहेत. कालखंड म्हणजे शब्दशः काळा तुकडा. ताजं यकृत ज्याने पाहिलंय त्याला हे नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. काळीज त्याच घराण्यातलं. पण भावनेची जागा म्हणून तो शब्द वापरता वापरता वर छातीत सरकला. "काळजाचा ठोका चुकला" म्हणतो तेव्हा ठोके देणारं हृदयच मनात असतं. फारसी 'जिगर'चंही असंच झालं: मूळ अर्थ यकृत, आपल्याकडे आला तो धाडस होऊन. म्हणून काळीज शब्दाचे दोन्ही अर्थ खरे आहेत. एक सुरीखालचा, एक बोलण्यातला.

फुप्फुस हे संस्कृत रूप. तिथे दोन महाप्राण एकमेकांना जोडून येत नाहीत, पहिला अल्पप्राण होतो: इच्छा, बुद्धी, तसंच फुप्फुस. मराठीत फुफ्फुसही छापलं जातं, वाचणारा अडत नाही. मी फुप्फुस लिहितो. एकच धरा आणि चारही पानं तेच ठेवा.

जाता जाता, अलिंद आणि निलय हे हृदयाच्या कप्प्यांचे शब्द पोरं शाळेत घोकतात, पण अर्थ कुणी सांगत नाही. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, निलय म्हणजे घर. रक्त आधी ओसरीवर येतं, मग घरात जातं. एवढं सांगितलं की कुठला कप्पा वरचा, कुठला खालचा हे पुन्हा चुकत नाही.

गोठाफेरी:
मी गुरांचा डॉक्टर आहे, म्हणून तारेबद्दल सविस्तर लिहितो. तुमच्या वाक्यात शब्द चुकला तर जनावर जाऊ शकतं.

गाय चारा चावत बसत नाही, आधी गिळते आणि मग रवंथ करते. कडब्यातली तार, खिळा, सुई तशीच आत जाते आणि पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, जाळीत, अडकते. ही जाळी पडद्याला टेकलेली असते. (पडदा म्हणजे श्वासपटल. माझा अनुभव असा की 'पडदा' म्हटलं की लोकांना लगेच कळतं.) पडद्याच्या पुढे लगेच हृदय, तिसऱ्या ते सहाव्या बरगडीच्या दरम्यान, थोडं डावीकडे झुकलेलं. जाळी आवळली की तार पुढे सरकते, पडदा भोसकून हृदयाच्या पिशवीत शिरते आणि तिथे पू होतो. यकृत राहिलं उजवीकडे. 'काळीज' वाचून बाई उजव्या कुशीवर हात ठेवणार आणि दुखणं डाव्या कोपराच्या आत असणार.

मागे एक गाय पाहिली होती. कोपरं बाहेर काढून उभी, उतारावरून खाली यायला तयार नाही, बसताना कण्हायची. मानेची शीर दोरखंडासारखी फुगलेली, पोळीला सूज. मालक चार दिवस "अपचन झालंय" म्हणून हिंग-ओवा पाजत होता. कान लावला तर ठोक्याबरोबर आत पाणी डचमळल्याचा आवाज. तोवर फार उशीर झाला होता. म्हणून कळकळीने सांगतो, तिथे 'हृदय' असंच लिहा. शब्द शाळेतला असला तरी आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याला दुसरा अर्थ नाही.

'काळीज' मात्र टाकून देऊ नका. यकृतातल्या चपट्या जंतांबद्दल लिहाल तिथे तो लिहा. मेंढी कापल्यावर धनगर ते जंत डोळ्यांनी बघतो आणि "काळजात जंत हायेत" असंच म्हणतो.

फोपसं हा शब्द तर मला फार आवडतो. फोपसा म्हणजे पोकळ, फुसफुशीत. अवयवाचा सगळा गुण नावात आला. निरोगी फोपशाचा तुकडा पाण्याच्या भांड्यात टाकला तर वर तरंगतो, कारण आत हवा. फुप्फुसदाहाने घट्ट झालेला भाग तळाला जातो. शवविच्छेदनात आम्ही आजही हे करून बघतो.

सुरीधार:
डॉक्टर, मोठ्या जनावराच्या दिलात हाड असतं हे खरं का? आजोबा सांगायचे.

गोठाफेरी:
खरं आहे. जिभेला हाड नसतं, पण गाई-बैलांच्या हृदयात असतं. महाधमनी जिथून निघते तिथल्या चिवट कड्यात, प्रौढ जनावरात बहुधा दोन. हृदयास्थी म्हणतात. घोड्यात त्या जागी सहसा कूर्चा असते.

ओसरी:
ताई, 'घटसर्प' शब्दही जपून वापरा. माणसांत तो घशाचा वेगळा आजार, गुरांत वेगळा, जंतूही वेगळे. नाव तेवढं एक.

गोठाफेरी:
बरोबर. "गुरांचा घटसर्प" असं पूर्ण लिहा. म्हशींना जास्त होतो, पावसाळ्यात. घसा सुजतो, श्वास घरघरतो, दिवसभरात जनावर आडवं होतं. लस पावसाआधी टोचायची, हे वाक्य ठळक छापा.

माणदेशी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्रात 'हृदय (दिल)', 'यकृत (काळीज)', 'फुप्फुस (फोपसं)' अशी नावं घालतेय. एकच शंका: 'पोळीला सूज' सगळीकडे कळेल ना? पत्रक विदर्भातल्या एका गटालाही पाठवायचंय.

गोठाफेरी:
'गळ्याखालची लोंबती पोळी' लिहा आणि चित्रात तिथे बाण काढा.