मदत हवी आहे: ट्रिगरच्या दिवशी वाढलेले प्रोजेस्टेरॉन आणि गोठवलेले गर्भ

नमस्कार. माझे आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचे) उपचार सुरू असून ट्रिगर इंजेक्शनच्या (बीजे काढण्याआधी ती पक्व होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनच्या) दिवशी रक्तातील प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार करणारे संप्रेरक) १.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले, म्हणून डॉक्टरांनी या चक्रात प्रत्यारोपण (गर्भ गर्भाशयात सोडणे) न करता सर्व गर्भ गोठवण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या वाचनानुसार ही पातळी साधारण १.५ च्या वर गेली की गर्भाशयाचे अस्तर वेळेआधी पुढच्या अवस्थेत जाते, गर्भाची आणि अस्तराची वेळ जुळत नाही आणि ताज्या (म्हणजे त्याच चक्रातील) प्रत्यारोपणात गर्भधारणेचे प्रमाण घटते. गोठवलेल्या गर्भांसाठी अस्तर पुढे नव्याने तयार होत असल्याने ही अडचण राहत नाही. हे पटले आहे. (सासूबाईंना ‘गोठवणे’ समजावून सांगणे त्याहून अवघड गेले.)

माझी खरी शंका पुढच्या टप्प्याची आहे. गोठवलेल्या गर्भाच्या प्रत्यारोपणाच्या चक्रात मला योनिमार्गे प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या जाणार आहेत. हे औषध थेट गर्भाशयापर्यंत पोहोचते आणि रक्तातील आकडा त्यामानाने कमीच दिसतो, म्हणून तपासणीची गरज नाही, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. माझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यात मात्र प्रत्यारोपणाच्या सुमारास पातळी तपासून ती १० पेक्षा कमी आल्यास इंजेक्शनची जोड देतात.

ज्यांनी हे उपचार घेतले आहेत, त्यांच्याकडे अशी तपासणी झाली होती का, आणि आकडा कमी आल्यावर औषधात नेमका काय बदल केला गेला? समूहात कोणी स्त्रीरोगतज्ज्ञ असल्यास, पुढच्या भेटीत डॉक्टरांना मी कोणते प्रश्न विचारावेत, हेही कृपया सांगावे.