'फोटोग्राफी'त आघात पुढे का सरकतो?

प्रश्न :
माझ्या आठवीतल्या मुलीला इंग्रजी शब्दांचे सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) पाडून आघाताची, म्हणजे ज्या तुकड्यावर जोर पडतो त्याची, खूण करायची होती. 'फोटोग्राफ'मध्ये तिने 'फो'वर केलेली खूण बरोबर आली, पण 'फोटोग्राफी'तही तिथेच केलेली खूण चुकली. शब्दाचे दोन्ही भाग तेच असताना आघात का हलावा, आणि शब्द नेमका तोडायचा कुठे?

उत्तर १ :
आघात शोधताना शब्दाचे शेपूट पाहावे. 'ग्राफी' आणि 'लॉजी' या शेवटांच्या शब्दांत तो शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर पडतो, म्हणून 'फोटोग्राफी'त 'टो'वर आणि 'बायोलॉजी'त 'यो'वर. 'इक', 'इटी', 'शन' यांच्या अगदी आधीच्या सिलॅबलवर पडतो, म्हणून 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. 'नेस', 'फुल', 'मेंट' हे प्रत्यय मात्र मूळ आघाताला धक्का लावत नाहीत. आघात सरकला की मागे राहिलेला स्वर पुसट होतो आणि इंग्रज माणूस जवळजवळ 'फटॉग्रफी' म्हणतो. आपण चारही सिलॅबल सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला जाणवतच नाही.

उत्तर २ :
'इक'चा नियम डोळे मिटून लावू नये. 'पॉलिटिक्स' आणि 'अरेबिक' यांत आघात पहिल्याच सिलॅबलवर असतो. 'अरिथमेटिक' तर नाम असताना 'रिथ'वर आणि विशेषण झाले की 'मे'वर आघात घेतो!

उत्तर ३ :
तोडण्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे जुळतीलच असे नाही. आपल्या 'विद्यालय'चे अर्थाने 'विद्या' आणि 'आलय' असे भाग होतात, पण बोलताना तो 'आ' दोन्हींत विरघळलेला असतो. 'हेलिकॉप्टर' ऐकताना 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा वाटतो (त्यावरूनच पुढे 'हेलिपॅड' झाला). मुळात मात्र तो ग्रीक 'हेलिको', म्हणजे मळसूत्री, आणि 'प्टर', म्हणजे पंख, यांचा जोड आहे. ओळीच्या शेवटी 'नॉलेज' तोडताना अमेरिकी कोश उच्चार पाहून 'एल' हे अक्षर पहिल्या तुकड्यात ठेवतात, तर जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाची घडण पाहून ते दुसऱ्या तुकड्यात नेते. मुलीच्या अभ्यासात आघात विचारला असेल, तर उच्चाराचेच तुकडे धरावेत.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. आत्ताच तिला 'टेलिग्राफी' विचारला. बोटे मोडत शेवटून तीन मोजून तिने 'लि'वर खूण केली, आणि लगेच 'मग टेलिग्राममध्ये कुठे?' असे मलाच विचारले.

उत्तर १ :
तिथे 'टे'वर.