दुसरीतला मुलगा 'घ'-'ध' उलटसुलट करतो, अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातली मूळची अडचण) समजावी का?

प्रश्न: वर्गातला एक मुलगा जोडाक्षरं गाळतो. जन्म ३४व्या आठवड्यात, वजन १.८ किलो. अध्ययन अक्षमतेचा धोका मानायचा का?

उत्तर १: ३७ आठवड्यांआधी जन्म, २.५ किलोखाली वजन, दोन्ही जोखमीचे घटक, निदान नव्हे. त्याहून बोलकी आनुवंशिकता. आईवडील-भावंडांना वाचन जड गेलं होतं का, ते विचारा.

उत्तर २: आधी कान-डोळे तपासा. कान सारखा वाहत असेल तर 'घ'-'ध'तला फरक नीट ऐकूच येत नाही. हिमोग्लोबिनही पाहा, या वयात ११.५ ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली म्हणजे रक्तक्षय, लक्ष टिकत नाही.

उत्तर ३: घरी पावरी किंवा गोंडीसारखी आदिवासी भाषा बोलतात का? मग प्रमाण मराठीतल्या चुका अक्षमतेत धरू नका. पक्कं निदान बहुधा आठव्या वर्षानंतर. सराव मात्र आजच सुरू करा, रोज १५-२० मिनिटं, आधी ध्वनी, मग अक्षर.