मदत हवी आहे: आण्णांसाठी आधी नेटवर्क बदलू की आधी फोन?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. आण्णा ७६ वर्षांचे, आई सत्तरीची, दोघंच असतात. आमच्या पडवीत मधल्या खांबाला एक खिळा आहे. खिळ्याला पिशवी, पिशवीत फोन. घरभर हिंडलं तरी रेंज मिळते ती त्या वीतभर जागेतच. फोन वाजला की आण्णा पिशवीतून न काढताच हिरवं बटण दाबतात, स्पीकर लावतात आणि खांबाशी बोलल्यासारखे बोलतात. आमच्या घरच्या सगळ्या बातम्या आळीला आधी कळतात, पण ते चालायचंच.

दिवाळीपासून खिळासुद्धा रुसलाय. दहा वेळा लावला तर दोनदा लागतो, लागला तर मिनिटात तुटतो. मागच्या महिन्यात आई न्हाणीत घसरली, ते मला तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हापासून झोप उडाली आहे.

आतापर्यंतचे उद्योग:

आण्णांचा जुना बटणांचा फोन टूजी आहे. दुकानदार म्हणाला, "ताई, टूजी आता संपलं, फोरजी घ्या." म्हणून कराडात फोरजीचा कीपॅड फोन घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाही. त्यात आण्णांचं सिम घातलं तर खिळ्यावर जुन्यापेक्षा कमी रेंज. शेजारच्यांचं बीएसएनएलचं सिम घालून पाहिलं तर काहीच नाही. त्यांच्या फोनमध्ये तेच सिम व्यवस्थित चालतं!

दुसरा फोन आतेभावाने अमेरिकेहून आणला. चांगला स्मार्टफोन, पण कुठलंही सिम घाला, "हे सिम चालणार नाही" असंच म्हणतो. सध्या तो देवघराच्या फळीवर आहे.

आता प्रश्न. नंबर कुठल्या कंपनीत पोर्ट करू? फोन कुठला घेऊ? नंबर बदलून चालणार नाही, तो बँकेला, गॅसला, पेन्शनला, सगळीकडे दिलाय. आणखी एक भानगड म्हणजे हे सिम २००९ साली डोंबिवलीत घेतलेलं आहे, आमच्या ह्यांच्या नावावर. आण्णांना इंटरनेट नको, नुसते फोन हवेत.

रानमेवा

कुठलीही घ्या, सगळ्या एका माळेचे मणी. जुलै २०२४ मध्ये दर वाढवले तेव्हा जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांनी दोन दिवसांत वाढवले. स्पर्धा म्हणे!

कोयनाकाठ

@रानमेवा, दरांचं दुःख नाही हो. पैसे भरते, फोन लागू दे.

जर्सीकर

अमेरिकेच्या फोनचं सांगतो. तो कॅरियरने लॉक केलेला आहे. इकडे फोन बहुधा नेटवर्क कंपनीकडूनच हप्त्यावर घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत तो फोन त्या कंपनीचाच सालगडी असतो. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा तो फक्त एटी अँड टीवर मिळायचा. भारतात २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी आला तो एअरटेल आणि व्होडाफोन दोघांकडे, पण आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही. आपण दुकानात फोन घेतो आणि सिम वेगळं घेतो.

आतेभावाला सांगा, ज्या कंपनीकडून घेतला तिच्या खात्यावरून अनलॉकची विनंती टाकायची. बाकी फिटलेली असेल तर काढून देतात. बाजारात "कुलूप तोडून देतो" म्हणणाऱ्याकडे नेऊ नका.

दादरचा_दादा

अवांतर: कोण म्हणतं आपल्याकडे रुजली नाही? २००३ चा रिलायन्सचा मान्सून हंगामा विसरलात का? ५०१ रुपये भरा आणि फोन घरी न्या. तो सीडीएमए होता, त्यात सिमच नसायचं. फोन आणि नेटवर्क जन्माचे जोडीदार, एकाला सोडलं की दुसराही गेला. आमच्या ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांच्या हातात एकच फोन, कोणाचा वाजतोय कळायचं नाही. पुढे २०१७ चा जिओफोन, १५०० रुपये अनामत, तोही जिओच्याच सिमवर. २०२३ मध्ये ९९९ चा जिओभारत आला, तोही तसाच. म्हणून ताई, स्वस्त फोन घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: "दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं का?" आणि दुकानातच घालून बघा.

रानमेवा

दादा, नोकियाचा काळ पण लिहा. मग मायक्रोमॅक्स आला, मग शाओमीने सॅमसंगला मागे टाकलं...

दादरचा_दादा

ते वेगळ्या धाग्यात. इथे ताईंचे वडील खांबाशी बोलतायत.

टॉवरखालचा

मी बारा वर्षं टॉवर देखभालीच्या कामात होतो, सातारा-सांगली पट्ट्यात. माझं ऐका आणि कंपनी निवडायचं दोन दिवस बाजूला ठेवा.

"कुठली कंपनी चांगली" हा प्रश्न शहरातला. डोंगरात "माझ्या खिळ्यावर कुठला टॉवर पोचतो" एवढाच प्रश्न असतो. मधे एक सोंड आडवी आली की कंपनी कितीही मोठी असो, हात टेकते.

तुमच्या बीएसएनएलच्या कोड्याचं उत्तर मला जवळजवळ नक्की माहीत आहे. प्रत्येक कंपनी ठरावीक फ्रीक्वेन्सीवर चालते, त्यांना बँड म्हणतात. जिओचं फोरजी बँड ५, ३ आणि ४० वर आहे. बीएसएनएलचं नवं फोरजी मुख्यतः बँड २८ वर, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झवर, आणि बँड १ वर. ७०० चा फायदा असा की लांब जातो आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतो, डोंगराला उत्तम. पण कीपॅड फोन बनवणारे पैसे वाचवायला मोजकेच बँड टाकतात आणि २८ बऱ्याचदा गाळतात. खोक्यावर नुसतं "फोरजी" लिहिलेलं असतं. तुमचा फोन बिघडलेला नाही, त्याला तो टॉवर दिसतच नाही. शेजाऱ्यांच्या फोनमध्ये बँड २८ असणार.

दुसरं, फोरजीवर आवाज जायला फोनमध्ये त्या कंपनीचं व्होल्टी चालू असावं लागतं. जिओकडे टूजी-थ्रीजी मुळातच नाही, त्यामुळे तिथे व्होल्टी नसेल तर फोन लागणारच नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी अजून आहे. "टूजी संपलं" हे तुमच्या दुकानदाराने फोन खपवायला सांगितलं.

आता काम सांगतो. गावात ज्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं आहेत असे तीन-चार जण बोलवा. त्यांचे फोन एकेक करून खिळ्याला लटकवा. कांड्या मोजू नका, कांड्या खोटं बोलतात. प्रत्येकावरून फोन लावून पाच मिनिटं बोला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि लाईट गेल्यावर एकदा, हे सगळ्यात महत्त्वाचं. टॉवरची बॅटरी थकलेली असेल तर लाईट गेल्यावर थोड्याच वेळात रेंज जाते. दिवाळीनंतर तुमचं जे बिघडलं त्यात हेही कारण असू शकतं.

नांदेडची_लेक

आता प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो ना? ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, सक्ती केलीय. तो बघून नाही का कळणार?

टॉवरखालचा

बघा जरूर, कुठली कंपनी त्या भागात अजिबातच नाही ते तरी कळेल. पण नकाशा गावाचा असतो, पडवीचा नसतो.

कोयनाकाठ

@टॉवरखालचा, दंडवत! दोन महिन्यांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. शाळेतले गुरुजी मदतीला तयार आहेत, रविवारी करतो. पोर्टिंगचं कोणी सांगेल का? सिम ह्यांच्या नावावर आहे त्याचं काय?

कागदपत्रे_आणि_मी

मी तीन जणांचे नंबर पोर्ट केलेत, म्हणून सांगते.

आण्णांच्या फोनवरून PORT नाही चालणार असं कोणी म्हणेल, ऐकू नका. इंग्रजीत पोर्ट, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि १९०० ला एसएमएस. टूजी फोनवरूनही जातो. रिचार्ज कुठलाही असला तरी हा एसएमएस अडवायचा नाही, असं ट्रायने २०२१ मध्येच बजावलंय. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवसच चालतो, म्हणून आधी दुकानात जायचा दिवस ठरवा, मग एसएमएस करा. आमच्या सासऱ्यांनी आधी कोड मागवला आणि मग पंचांग बघितलं. कोड गेला.

नाव: नंबर ज्यांच्या नावावर त्यांनीच आधार घेऊन दुकानात जायचं, तिथे फोटो काढतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांना जावं लागेल, आण्णा जाऊन उपयोग नाही. आधी आण्णांच्या नावावर करून मग पोर्ट करू, असं मनात असेल तर थांबा. मालकी बदलण्याचा अर्ज चालू असताना पोर्टची विनंती नाकारतात. आधी पोर्ट करा, नाव नंतर निवांत बदला.

सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग: डोंबिवलीचं सिम म्हणजे मुंबई सर्कल. कराड-पाटण महाराष्ट्र आणि गोवा सर्कलमध्ये. २०१५ पासून सर्कल ओलांडूनही नंबर नेता येतो, फक्त तीनऐवजी पाच कामाचे दिवस धरा. मधे रात्री काही तास फोन बंद राहील, घाबरू नका.

शेवटचं म्हणजे, उगाच जुन्या कंपनीचं सिम बदलून घेऊ नका. सिम बदललं की सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. २०२४ पासूनचा नियम आहे, फसवणूक रोखायला केलाय.

रानमेवा

आणि इंटरनेट नको असेल तर फक्त कॉल-एसएमएसचं रिचार्ज मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना ते ठेवायला लावलं. दुकानदार आपणहून सांगत नाही, तो डेटाचंच पुढे करतो. (बघा, मी पण उपयोगी बोलतो कधी कधी.)

दादरचा_दादा

रानमेवा सुधारले, नोंद घ्यावी.

मघाशी माळेचे मणी म्हणालात त्यावर: माळेत आता मणीच किती राहिले? २०१० च्या आसपास एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले. मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, काही महिने सगळं फुकट. एअरसेल दिवाळखोरीत, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये, व्होडाफोन-आयडिया २०१८ मध्ये एकत्र. तेव्हा डेटा स्वस्त झाला म्हणून आपण पेढे वाटले. त्याच वर्षाअखेरीस "लाइफटाइम इनकमिंग" गेलं आणि महिन्याला किमान रिचार्ज आलं. आण्णांसारख्या नुसते फोन घेणाऱ्या माणसाला ती स्पर्धा महागच पडली.

टॉवरखालचा

पटलं. पण एक चांगलं चाललंय: सरकारी निधीतून दुर्गम भागात जे टॉवर उभे राहिले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी २०२५ पासून जिओ, एअरटेल, बीएसएनएल अशी तिन्ही सिमं एकाच टॉवरवर चालतात. कोयनाकाठ, तुमच्या जवळचा टॉवर तसा आहे का, ग्रामपंचायतीत विचारा. असला तर निम्मं दुखणं मिटलं.

कोयनाकाठ

रविवारचा निकाल. गुरुजी, शेजारचे काका आणि दूध गोळा करणारा पोरगा असे चार फोन जमवले. गुरुजींनी फळ्यावर आखतात तसा तक्ता आखला. आण्णांनी खिळ्याशेजारी आणखी तीन खिळे ठोकले, "एकदाच काय तो निकाल लागू दे" म्हणाले.

पहिली कंपनी: कांड्या तीन, फोन एकदाही धड नाही. (टॉवरखालचे दादा, तुमचे शब्द आठवले.)
दुसरी: देवळापर्यंत उत्तम, पडवीत शून्य.
आमची सध्याची: सकाळी बरी. चार वाजता लाईट गेली आणि वीस मिनिटांत रेंजही गेली. दिवाळीपासूनचं कोडं सुटलं बहुतेक.
बीएसएनएल, काकांच्या फोनमध्ये: दोन कांड्या, पण लाईट नसतानाही अकरा मिनिटं बोलले. माजघरातसुद्धा लागला! आई माजघरातून बोलली, पहिल्यांदाच. काय बोलली तर "ऐकू येतंय का" एवढंच, चार वेळा.

सरकारी निधीचा टॉवर आमच्याकडे नाही, पंचायतीत विचारलं.

काकांचा फोन साधाच स्मार्टफोन आहे, आण्णांना टचस्क्रीन जमत नाही. बँड २८ असलेला बटणांचा फोन कसा ओळखायचा?

टॉवरखालचा

मॉडेलचा पूर्ण नंबर बॅटरीखाली असतो, तो कंपनीच्या वेबसाइटवर घालून बँडची यादी बघा. भारतातलं मॉडेलच बघा, एकाच नावाच्या फोनमध्ये देशागणिक बँड बदलतात. आणि विकत घेण्याआधी काकांचं सिम त्यात घालून फोन लावून बघा. दुकानात रेंज असणारच, म्हणून शक्य असेल तर परतीच्या बोलीवर घरी न्या. नाहीच मिळाला तर फळीवरचा अमेरिकन फोन सोडवून घ्या. त्यात २८ आहे का तेही याच रीतीने कळेल. व्होल्टी मात्र चालतं का ते सिम घालूनच कळेल, परदेशी फोन तिथे नखरे करतात.

कोयनाकाठ

अपडेट, बावीस दिवसांनी. उशिराबद्दल क्षमस्व.

ह्यांना यात्रेच्या निमित्ताने गावी नेलं. एसएमएस शुक्रवारी केला, कोड आला, शनिवारी कराडात फोटो-आधार झालं. पुढच्या शुक्रवारी रात्री जुनं सिम बंद, शनिवारी सकाळी नवं चालू. बटणांचा फोन दुसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराला बँड विचारला तर तो म्हणाला, "लग्न आहे का?" शेवटी बॅटरी काढून मॉडेल नंबर मीच शोधला. आधीचा फोन त्या पहिल्या दुकानाने परत घेतला नाही, तो आता दूधवाल्या पोराकडे आहे, त्याच्या सिमवर मस्त चालतो.

फोन माजघरात लागतो, तरी आण्णा तो खिळ्यालाच लावतात.

एकच अडचण उरली. या फोनच्या सगळ्या रिंगटोन नाजूक, आण्णांना परसातून ऐकू जात नाहीत. जुन्या फोनची ती कर्कश ट्रिंग-ट्रिंग यात घालता येईल का?

नांदेडची_लेक

मेमरी कार्डाची खाच असेल तर येईल. जुना फोन वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा, एमपीथ्री करून कार्डात टाका, मग सेटिंगमध्ये प्रोफाइल, त्यात रिंगटोन, त्यात मेमरी कार्ड. आमच्या बाबांना कोंबड्याचा आवाज लावून दिलाय. कोंबड्या मात्र गोंधळतात.