प्रति: महागड्या सॉफ्टवेअरशिवाय ग्राहकसेवा

महागडं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतल्याशिवाय ग्राहकसेवा सुधारत नाही, हे मत काही पटलं नाही. बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते माहिती एकाच माणसाच्या फोनमध्ये अडकून पडल्यामुळे. तो रजेवर गेला की ग्राहकाला पहिल्यापासून सगळं रामायण सांगावं लागतं.

यावर सगळ्यांना उघडता येईल अशी एक साधी स्प्रेडशीट पुरते. तिच्यात चार रकाने: ग्राहकाने काय मागितलं (शक्यतो त्याच्याच शब्दांत), कधी मागितलं, काम कोणाकडे आहे आणि आपण त्याला पुढचं उत्तर कधी देणार. हा शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात! 'काम चालू आहे' ऐकून कोणाचंच समाधान होत नाही. 'उद्या चारपर्यंत कळवतो' म्हटलं, आणि खरंच कळवलं, तर ग्राहक मध्ये चार फोन करत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस २०१८मध्ये आलं. त्यातली लेबलं चौकशी, ऑर्डर, तक्रार वेगळी काढायला बरी पडतात. तयार उत्तरं मात्र बेताने वापरा, तक्रारीला तर नकोतच.

आणखी एक. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा 'पुढची प्रक्रिया हाच तुमचा ग्राहक' असं मांडत, म्हणजे आपलं काम पुढे ज्याच्या हातात जातं तोही आपला ग्राहकच. विक्रीवाल्याने अर्धवट पत्ता लिहिला की पहिला ताप डिलिव्हरीवाल्याला होतो, ग्राहकाला नंतर. त्यामुळे शीटमध्ये कोणते रकाने हवेत हे साहेबांनी ठरवण्याआधी डिलिव्हरीवाल्यांना विचारा.