चाकाचे तुटलेले आणि आटे गेलेले स्टड घरी बदलण्याबाबत

प्रश्न – चौकस चालक

नमस्कार. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे दोन स्टड (ज्यांवर चाकाचे नट चढतात ते आटेदार दांडे) निकामी झाले आहेत. ते घरीच बदलता येतील का, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मागे टायर बदलताना कारागिराने नट आधी हाताने न लावता थेट इम्पॅक्ट गनने चढवले होते. आता चाक उतरवताना एक नट पहिल्या फेऱ्यापासून अडत अडत निघाला आणि त्याच्याबरोबर आट्यांची चमकदार तार सुटून आली. दुसऱ्या नटावर पाना लावून जोर दिल्याबरोबर स्टड हबच्या (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) तोंडाशी तुटला आणि नटासकट बाहेर आला. चाकाला एकूण चारच स्टड असल्यामुळे उरलेल्या दोघांच्या भरवशावर गाडी चालवण्याचा प्रश्नच येत नाही. ती सध्या जॅक स्टँडवर उभी आहे.

पुढे डिस्क ब्रेक आहे. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि डिस्क काढण्याइतपत सवय मला आहे, परंतु हबमध्ये घट्ट दाबून बसवलेला स्टड मी कधी काढलेला नाही. तुटलेला स्टड हातोड्याने मागे ठोकून काढावा का, नवा स्टड नट आणि वॉशर लावून खेचून घेतला तर तो खरोखर पूर्ण बसतो का, आणि जे दोन स्टड वरवर चांगले दिसतात तेही बदलावेत का, असे माझे प्रश्न आहेत. डाय (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून आटे गेलेला स्टड वाचवता येईल, असेही मला एकाने सुचवले आहे. त्याबद्दलही मत द्यावे.

उत्तर – गॅरेजसोबती

आपल्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. डाय फिरवणे हे आट्यांतला गंज, घाण किंवा टोकाच्या एखाद्या आट्याला बसलेला ठोका काढण्यापुरते ठीक आहे. आपल्या स्टडवरून आट्यांची तार सुटून आली, म्हणजे तिथला धातूच निघून गेला आहे. डाय फिरवल्यावर आटे दिसतील, नटही चढेल, पण पूर्ण आवळल्यावर तो धरून ठेवायला लागणारा धातू तिथे शिल्लक नसेल. तो स्टड बदला आणि त्यावरचा नटही टाकून द्या. आटे दुखावलेला नट नव्या स्टडचे आटे पहिल्याच वेळी खराब करतो.

नवे स्टड घेताना फक्त जाडी आणि लांबी पाहून चालत नाही. १२ मिमी जाडीच्या स्टडमध्ये १.२५ मिमी आणि १.५ मिमी असे दोन्ही पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) सर्रास वापरात आहेत, आणि चुकीच्या पिचचा नटही एखाद-दोन फेरे बोटांनी चढतो, मग अडतो. त्या क्षणी पाना लावला की नट आणि स्टड दोन्ही जातात. याहून जास्त दुर्लक्षित राहणारे माप म्हणजे डोक्याखालच्या दातेरी भागाचा व्यास. हबच्या भोकापेक्षा तो किंचित मोठा असतो आणि त्या घट्टपणामुळेच स्टड जागेवर फिरत नाही. तेव्हा जुना स्टड काढल्यावर व्हर्नियरने हा भाग मोजा, किंवा गाडीच्या मॉडेलनुसार कंपनीचा सुटा भाग मागा. साधा बोल्ट कापून स्टड म्हणून बसवणे किंवा हबला मागून वेल्डिंग करणे, हे दोन्ही उपाय मनातही आणू नयेत. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टडच्या पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि त्याची ताकद जाते.

कामाचा क्रम आपल्याला माहीत असेलच. तरीही, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि निव्वळ जॅकच्या आधारावर गाडीखाली हात घालू नये. कॅलिपर त्याच्या ब्रॅकेटसकट काढून सस्पेन्शनच्या स्प्रिंगला तारेने बांधा. तो रबरी ब्रेक नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटू शकते, आणि ते बाहेरून दिसतही नाही. डिस्क काढल्यावर हब हाताने फिरवून पाहा. स्टडच्या डोक्यामागे मोकळी जागा मिळेल अशी एखादी खोलगट जागा नकलमध्ये (हब ज्यात बसतो तो मागचा जाड भाग) बहुधा असते, आणि तिथे आणूनच स्टड मागे काढायचा असतो. मी सरळ दीड-दोन किलोच्या हातोड्याने ठोकतो. हलक्या हातोड्याचे दहा घाव घालण्यापेक्षा जड हातोड्याचा एक नेमका घाव बरा.

उत्तर – बेअरिंगवाला

वरील उत्तरातील बाकी सर्व मान्य आहे, परंतु हातोड्याबाबत माझा स्पष्ट विरोध आहे. पुढच्या हबमागे लगेच बेअरिंग असते. स्टडवर घातलेला घाव हबमार्फत बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि गोळ्या आपल्या खालच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पाडतात. हे खळगे डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे कधीतरी वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर सुरू होते, आणि तोपर्यंत तिचा संबंध या कामाशी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टड स्वस्त असतो, पण बेअरिंग बदलायचे झाले तर हब प्रेसखाली न्यावा लागतो. सुट्या डिस्कसारखा सहज निघणारा हब असेल, तर तो काढून बाकावर आधार देऊन ठोकणे वेगळे. गाडीवरच बसलेल्या हबवर ठोकणे मला पटत नाही.

त्याऐवजी बॉल जॉइंट काढण्याचा सी आकाराचा प्रेस वापरावा. त्याच्या एका टोकाला स्टडचे डोके सामावेल असा पाइपचा तुकडा किंवा सॉकेट हबच्या मागून लावायचा, दुसऱ्या टोकाचा स्क्रू स्टडच्या तुटक्या तोंडावर आणायचा आणि पान्याने हळूहळू आवळत जायचे. गंजलेला स्टड सुरुवातीला हलत नाही आणि मग एकदम मोठा आवाज करून सुटतो, त्यामुळे तोंड त्या रेषेत ठेवू नये. आदल्या रात्री मागून गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले तर काम सोपे होते. मात्र ते ब्रेक पॅडवर आणि डिस्कवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

बसवतानाही हाच नियम लागू होतो, म्हणजे ठोकायचे नाही, खेचायचे. नवा स्टड मागून घालून त्याचे दात भोकातल्या जुन्या खाचांशी जुळवा. पुढून जाड वॉशरांची चळत चढवा. हबला टेकणाऱ्या वॉशरचे भोक दातेरी भागापेक्षा मोठे असावे, नाहीतर दात वॉशरमध्येच अडकतात आणि स्टड बसल्याचा भास होतो. वॉशरांच्या मध्ये थोडे ग्रीस लावा आणि दोन्ही बाजूंनी उघडा असलेला, याच कामासाठी ठेवलेला एखादा चांगल्या आट्यांचा नट सपाट बाजू आत करून लावा. निमुळती बाजू वॉशरमध्ये रुतते. मग लांब दांड्याच्या हातपान्याने सावकाश खेचा. इथे इम्पॅक्ट गन नको, कारण हाताला जे कळते ते तिला कळत नाही. सुरुवातीपासून जोर एकसारखा लागतो, आणि डोके हबला टेकले की पाना एकदम जड होतो. याउलट, जोर लागता लागता पाना मध्येच हलका पडला, तर स्टड ताणला जातो आहे किंवा नटाचे आटे जात आहेत असे समजावे. तो स्टड काढून टाकावा.

पाना जड झाला म्हणजे काम झाले असे मानू नये. आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा मागे धरून डोक्याची कड हबला सर्व बाजूंनी टेकली आहे का ते पाहा आणि त्या फटीत कागदाची पट्टी सरकते का तेही तपासा. बरेच जण वॉशरऐवजी चाकच लावून नटाने स्टड खेचून घेतात. तसे केल्यास डोके थोडेसे बाहेर राहते, पुढे रस्त्यावरच्या धक्क्यांनी ते आत सरकते, आणि तेवढ्याने नट सैल पडतो.

प्रतिसाद – चौकस चालक

दोघांचेही मनापासून आभार. मी प्रेस मिळवला आहे. आता नवीन अडचण अशी की हब कितीही फिरवला तरी डोके आणि नकल यांच्यामध्ये पूर्ण स्टड निघेल एवढी जागा मिळत नाही. जुना स्टड अर्धा मागे येतो आणि अडतो. तो ग्राइंडरने कापून काढावा का? आणखी एक गोष्ट कळवतो. तुटलेल्या स्टडचे तोंड नीट पुसून पाहिले, तर त्याचा साधारण एक तृतीयांश भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, उरलेला भाग खरखरीत आणि ताजा चमकदार आहे.

उत्तर – सुटे भाग

जुना स्टड कापण्याची घाई करू नका. जुना तुकडे करून निघेल, पण नवा त्याच वाटेने पूर्ण लांबीचाच आत जायचा आहे. आधी नवा स्टड हातात धरून, तिरपा करून, तो कोणत्या कोनातून आत शिरू शकतो ते पाहा. डिस्कमागचा पातळ पत्रा अडवत असेल तर तो किंचित वाकवता येतो आणि काम झाल्यावर परत सरळ करता येतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवल्यानेही काही गाड्यांत हात घालायला बरी जागा मिळते. नव्या स्टडच्या डोक्याची एक कड थोडी घासून सपाट केली की तो शिरतो, अशीही पद्धत आहे. अगदी थोडी कड घासण्यास माझी हरकत नाही, पण डोक्याचा टेकणारा पृष्ठभाग निम्मा जाईल एवढे घासावे लागत असेल, तर थांबावे आणि हब काढून घेण्यासाठी गाडी गॅरेजमध्ये न्यावी. नकल घासून जागा करणे तर पूर्णपणे चूक आहे. नकलवर चाकाचा सगळा भार येतो.

आता तुटीबद्दल, कारण खरी महत्त्वाची माहिती आपण तिथे दिली आहे. नुसत्या जास्त आवळण्याने स्टड तुटला असता, तर संपूर्ण तोंड ताजे दिसले असते. काळपट गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर आहे. ती बऱ्याच काळापासून हळूहळू वाढत होती आणि आपण पाना लावला तेव्हा फक्त उरलेला भाग तुटला. अशी चीर पडण्याचे एक मोठे कारण म्हणजे नटाची पकड कमी असणे. चाकाचा भार खरे तर स्टडच्या दांड्यावर यायला नको. आवळलेला स्टड ताणलेल्या स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबातून होणारे घर्षण भार पेलते. हा दाब कमी झाला की चाक प्रत्येक फेऱ्यात स्टडला थोडे वाकवते आणि तिथूनच चीर सुरू होते.

म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की चारही स्टड आणि चारही नट बदलावेत. एक स्टड चिरलेला आणि दुसऱ्याचे आटे गेलेले असताना उरलेल्या दोघांनी वाट्याहून जास्त भार सोसला आहे, आणि त्यांच्यात चीर आहे की नाही हे घरी तपासण्याचे साधन आपल्याकडे नाही.

हबचा आणि चाकाचा टेकणारा पृष्ठभागही पाहा. तिथे गंजाचा थर किंवा जाड रंग असेल तर नट आवळताना तो दबत नाही, पण नंतर झिजतो, आणि दाब कमी होतो. तारेच्या ब्रशने धातू उघडा होईपर्यंत घासावे. भोके पाहताना त्यांतल्या खाचा गुळगुळीत झाल्या नाहीत ना हेही पाहावे. जुना स्टड जागेवरच फिरत असेल किंवा नवा स्टड हाताने ढकलून आत जात असेल, तर त्या हबमध्ये कोणताही स्टड धरणार नाही आणि हबच बदलावा लागेल.

उत्तर – बेअरिंगवाला

टॉर्कबद्दल, म्हणजे नट किती जोराने फिरवून आवळायचा याबद्दल, थोडे लिहितो. लहान गाड्यांसाठी हा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत असलेला आकडाच प्रमाण मानावा. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत. स्टड खेचताना तेल लागले असेल तर ते पुसून काढावे. नटावर लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच स्टड ताणण्यात खर्च होतो, बाकीचा नटाच्या बैठकीवर (चाकाला टेकणारी बाजू) आणि आट्यांवर घर्षणात जातो. आट्यांना तेल लागून हे घर्षण कमी झाले, की टॉर्क रेंचवर (टॉर्क मोजणारा पाना) तोच आकडा असूनही स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. चाक हवेत असताना नट बोटांनी शेवटपर्यंत चढवावेत, समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळावेत, आणि गाडी खाली टेकवल्यावर त्याच क्रमाने दोन टप्प्यांत पूर्ण टॉर्क द्यावा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यानंतर पुन्हा एकदा तपासावे.

प्रतिसाद – चौकस चालक

चारही स्टड बसले. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून आणि मागचा पत्रा थोडा वाकवून नवा स्टड तिरपा आत गेला, घासण्याची गरज पडली नाही. चौथ्या स्टडचे डोके पाना जड झाल्यावरही एका बाजूने कागद घेत होते. तो परत काढला, तर भोकाच्या कडेला गंजाची खपली दिसली. ती साफ करून पुन्हा खेचल्यावर तो सर्व बाजूंनी टेकला. ठरलेल्या अंतरानंतर टॉर्क रेंच लावून पाहिले, एकही नट सरकला नाही. एक शंका उरते. माझी चाके अलॉयची आहेत आणि स्टेपनी पत्र्याची आहे. नवे नट दोन्हींना चालतील का?

उत्तर – सुटे भाग

नटाच्या बैठकीचा आकार पाहा. निमुळत्या बैठकीचे ६० अंशांचे नट बऱ्याच गाड्यांत दोन्ही चाकांना चालतात. परंतु काही अलॉय चाकांना गोलाकार बैठकीचे किंवा सपाट वॉशर असलेले नट लागतात, आणि ते पत्र्याच्या चाकाच्या निमुळत्या भोकात फक्त कडेवर टेकतात. खात्री करण्यासाठी स्टेपनी एकदा या हबवर लावून नट हलके आवळा, मग काढून भोकांमध्ये उमटलेली खूण पाहा. खूण पूर्ण गोल पट्ट्यासारखी असेल तर नट योग्य आहेत. ती बारीक रेघेसारखी किंवा एकाच बाजूला असेल, तर स्टेपनीसाठी चार वेगळे नट घेऊन ते स्टेपनीच्याच खोबणीत पिशवीत घालून ठेवा.