‘नीरो’वरून विशेषण कसं करायचं?

रानजाई: प्राचीन रोमवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. त्यात ‘नीरोनियन’ हे विशेषण दोनदा येतं. एकदा सेनेका, लुकन, पेट्रोनियस या लेखकांसाठी, तिथे नुसता काळ सांगायचाय (रोमन सम्राट नीरोची कारकीर्द इ.स. ५४ ते ६८), म्हणून ‘नीरोकालीन’ लिहून मोकळी झाले. दुसऱ्यांदा आजच्या एका धनाढ्याच्या मेजवानीसाठी. तिथे उधळपट्टी हवी आणि माजही. ‘नीरोशाही मेजवानी’ लिहिलं तर संपादक म्हणतात, लोक ‘शाही मेजवानी’ वाचतील आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटेल. काय करू?

गोदाकाठ: संपादकांचं पटलं. नादिरशाही, झारशाही यांत ‘शाही’ म्हणजे राजवट, आणि ती नामं आहेत. ‘शाही थाट’मधली शाही वेगळी. मेजवानीला लागून आली की दुसरीच पुढे येणार. ‘तुघलकी’सारखा नुसता ‘ई’ लावावा, तर ‘नीरोई’ जिभेवर बसत नाही.

पाटीपेन्सिल: मग सरळ ‘तुघलकी’च लिहा की! वाचकाला लगेच कळेल.

मोडीप्रेमी: चुकीचं कळेल. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली, पुढे तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवायला काढली. म्हणून फर्मान तुघलकी, कारभार तुघलकी. मेजवानी तुघलकी असते का? राजाच्या नावाचं विशेषण झालं की त्याचा एकच गुण उरतो, बाकीचा माणूस गळून पडतो. तुघलकाची लहर उरली, नीरोची चैन.

गोदाकाठ: देवगिरीवरून आठवलं. आमची आजी निजामाच्या राज्यात जन्मलेली. दार सताड उघडं टाकून कुणी गेलं की ती ओरडायची, “मोगलाई लागून गेली काय रे?” निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. तिच्या तोंडी त्याचा अर्थ एकच, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

सह्यकडा: नीरोची चैन उरली म्हणता, पण मराठी वर्तमानपत्रांत तरी त्याचं फिडलच उरलंय. ‘रोम जळत असताना’ म्हटलं की पुढचं वाक्य वाचावं लागत नाही. फिडल म्हणजे व्हायोलिन, आणि त्या घराण्यातली वाद्यं सोळाव्या शतकातली; नीरो ते वाजवणार कुठून? इ.स. ६४ ची आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर, अँटियम गावी होता, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. परत येऊन त्याने बेघरांना आपल्या बागा उघडून दिल्या, धान्याचा भाव उतरवला. आग चालू असताना तो ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गायला, ही टॅसिटसच्याच शब्दांत अफवा. विशेषण बनवताना निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मोडीप्रेमी: इतिहास शुद्ध करून भाषा चालत नाही. वाचकाच्या डोक्यात जो नीरो आहे, त्याचंच विशेषण होणार.

रानजाई: ‘नीरोला शोभेल अशी मेजवानी’ केलं तर?

पाटीपेन्सिल: उत्तम! विशेषणाचा हट्टच कशाला?

मोडीप्रेमी: हट्ट हवा. एका शब्दाला चार शब्द लावत बसलो तर मराठीत नवे शब्द घडणार कधी? ‘नीरोछाप’ लिहा. ‘छाप’मध्ये आपोआप तुच्छता येते, आणि तीच हवी आहे.

गोदाकाठ: ‘छाप’ने ती मेजवानी स्वस्तातली होईल. विडीच्या बंडलावर शोभतो तो शब्द.

सह्यकडा: आणि ‘नीरो’ तरी का? लॅटिनमध्ये ‘नेरो’ आहे. इंग्रजांच्या तोंडून आलेला उच्चार आपण किती दिवस वागवायचा?

पाटीपेन्सिल: मग सीझरचा ‘कायसर’ करणार? आणि ‘तिचं सिझर झालं’ याचं काय?

सह्यकडा: त्या शस्त्रक्रियेचं नाव सीझरवरून आलं, हेच वादाचं आहे. त्याची आई ऑरेलिया तो मोठा सेनापती होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी पोट चिरल्यावर बाई वाचणं जवळपास अशक्य. ‘कापणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे, तिकडे बघा.

पाटीपेन्सिल: धातू कुठलाही असो, आमच्या गावची सुईणसुद्धा ‘सिझर’ म्हणायची. तो शब्द आता मराठी आहे, त्याला हात लावू नका.

मोडीप्रेमी: मराठी असेल तर त्याचं सामान्यरूप सांगा. ‘सिझरचे टाके’ की ‘सिझराचे टाके’?